शब-बेदारी आणि बेख्वाबी

उर्दूत रात्र जागून काढण्याला दोन वेगळे शब्द आहेत. एक शब-बेदारी, दुसरा बेख्वाबी. शब-ए-कद्रला माणूस आपण होऊन इबादतीसाठी जागतो, ती शब-बेदारी. अंग गळून गेलेले असते, डोळे मिटावेसे वाटतात, पण झोप जवळ येत नाही, ती बेख्वाबी. मराठीतही जागरण आणि निद्रानाश असा भेद आहेच. वर्गात हे शब्द शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की पहिल्यात माणसाची मर्जी असते आणि सकाळ झाली की ते संपते. दुसऱ्यात मर्जी नसते आणि सकाळ झाली तरी ते संपत नाही. शब्दार्थाचा तास तिथे पूर्ण होतो. २०२० सालानंतर मात्र हा भेद आमच्यासाठी केवळ शब्दार्थाचा राहिलेला नाही.

साथीच्या काळात डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार, आशाताई रात्रंदिवस जागले, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्यांच्या जागण्याला आपण इबादतीचा दर्जा दिला. परंतु ते जागणे शब-बेदारीचे होते की बेख्वाबीचे, हे त्यांना कोणी विचारले का? इतिहासाची पाने उलटली तर असे दिसते की हा प्रश्न आजच राहून गेला असे नाही. सव्वाशे वर्षांपासून तो राहूनच जात आहे.

या शोधाची सुरुवात आम्ही मोरा बंदरापासून करतो, कारण आमच्या मनात हा विषय तिथेच आला. मोरा हे उरणचे बंदर. आज उरण हा रायगड जिल्ह्यातला स्वतंत्र तालुका असला तरी इंग्रजी अमदानीत तो पनवेल तालुक्याचा पेटा होता. मोऱ्याच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे मुंबई दिसते. लाँच पाऊण-एक तासात भाऊच्या धक्क्याला लावते. ओहोटी असेल आणि गाळात लाँच अडकली तर गोष्ट वेगळी. कोळी बांधवांची मासळी, नोकरदारांचे डबे, कॉलेजची मुले आणि रुग्णालयात ड्युटीला जाणाऱ्या परिचारिका, सगळे याच लाँचने पिढ्यान् पिढ्या जात आले. मुंबईची बरकत या पाण्यावरून इकडे आली आणि मुंबईची दहशतही याच पाण्यावरून पोहोचली.

ती दहशत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात आली १८९६ मध्ये. त्या वर्षीच्या सप्टेंबरात गोदीजवळच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. आपल्या बुजुर्गांच्या तोंडी त्याला ताऊन हा शब्द होता. पुढच्या चार-पाच महिन्यांत मुंबईच्या साडेआठ लाखांच्या आसपासच्या लोकसंख्येतून पावणेचार लाखांहून अधिक लोक शहर सोडून गेले. कोणी रेल्वेने गेले, कोणी गलबताने, कोणी पायी. गिरण्या ओस पडल्या, बाजार बंद झाले. ज्यांना पळता येत होते ते पळाले. ज्यांचे काम आजाऱ्यांच्या उशाशी होते त्यांना मात्र थांबावे लागले.

थांबणाऱ्यांत एक परदेशी माणूस होता. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकीन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी तुटपुंज्या जागेत व तुटपुंज्या मनुष्यबळावर प्रयोगशाळा मांडली. मांसाच्या रसात थोडे तूप टाकून ते प्लेगचे जंतू वाढवत. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंच्या लोंब्या खाली लोंबू लागत. मग उष्णतेने जंतू मारून त्यांची लस बनवली जाई. हा रस बकऱ्याच्या मांसाचा असे, म्हणजे हिंदूंना गाईचा आणि मुसलमानांना डुकराचा संशय यायला नको. सुमारे तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते कामावर राहिले.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातून पुष्कळांना माहीत असते. तिच्यातली एक बारीक नोंद मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या तीन महिन्यांच्या अहोरात्र कामात हाफकीन यांच्या एका सहाय्यकाचे मानसिक संतुलन ढासळले आणि आणखी दोघे काम सोडून गेले. इतिहासाने त्यांच्यासाठी एवढी एकच ओळ ठेवली. लसीचा इतिहास लिहिला गेला. लस बनवणाऱ्या हातांच्या जागरणाचा हिशेब त्या एका ओळीत मिटला. आम्हाला ती ओळ फार बोलकी वाटते. हाफकीन यांचे धैर्य खरेच होते, पण एकाच खोलीत, एकाच कामाने एक माणूस अमर झाला आणि दुसरा मोडला. दुसऱ्यालाही आपण इतिहासात जागा द्यायला हवी.

त्या वर्षी लोकांचा लसीवर विश्वास बसावा म्हणून पुढे आलेल्यांत खोजा इस्माइली जमातीचे तरुण इमाम सर सुलतान मोहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांचे नाव ठळक आहे. त्यांनी लोकांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, हाफकीन यांना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली आणि हजारो खोजांनी त्यांच्या मागोमाग लस घेतली. मुसलमान समाज लसीला नेहमी विरोधच करत आला असे जे म्हणतात, त्यांनी हे पान वाचावे.

मात्र त्याच शहराचे दुसरे पानही आपण लपवू नये. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत प्लेगचे तपासणी पथक एका आजारी मुलीला न्यायला आले. घरच्यांनी व शेजाऱ्यांनी विरोध केला, दंगल उसळली, गोळीबार झाला आणि लोण शहरभर पसरले. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, परदानशीन बायकांना परके पुरुष हात लावतात, ही भीती त्या वस्तीत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. पथके सक्तीची होती, त्यांत गोरे सोजीर असत. घराघरांत लोक दारावरच्या थापेच्या धास्तीने जागत होते. आणि ज्यांना रोज त्या दारांवर जावे लागत होते, त्या देशी वैद्यकीय सेवकांनाही आज दगड येतो की शिवी, याची धास्ती होतीच. सरकारने विश्वास कमावण्याऐवजी सक्ती केली आणि दाराच्या दोन्ही बाजूंची झोप उडवली.

या दोन पानांच्या मध्ये आणखी दोन नावे आहेत. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांसाठी प्लेगचे रुग्णालय चालवायला पुढाकार घेतला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते स्वतः प्लेगने गेले. पुण्यात सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा मृत्युदिन आपण पाळतो, आणि पाळायलाच हवा. पण साठी ओलांडलेल्या त्या बाईच्या शेवटच्या काही आठवड्यांतल्या रात्री कशा गेल्या असतील, याचा विचार भाषणांत कधी येत नाही. कुर्बानी आपल्याला दिसते ती शेवटच्या दिवशी. तिच्या आधीची थकावट दिसत नाही.

थकलेल्या यंत्रणेकडून चूक झाली तर काय होते, याचाही धडा याच इतिहासात आहे. १९०२ मध्ये पंजाबात लाखो लोकांना लस टोचण्याची मोहीम आखली गेली. मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेवर मागणीचा डोंगर आला आणि लस लवकर तयार व्हावी म्हणून बनवण्याच्या पद्धतीत बदल करण्यात आला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले, आणि त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. सारा ठपका हाफकीन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. गावात ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला, हे पुढे समोर आले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकीन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. घाई सरकारची, ओझे मूठभर माणसांचे आणि चूक झाली की बोट एकट्याकडे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

त्यानंतर आली १९१८ ची इन्फ्लुएंझाची वबा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर नेमणूक असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि पाहता पाहता शहर अंथरुणाला खिळले. पावसाळ्यानंतर आलेली दुसरी लाट अधिक घातक होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली. महायुद्ध चालू असल्याने अनेक डॉक्टर फौजेत होते. मागे राहिलेल्यांवर आणि सेवाभावी मंडळींवर सगळा भार पडला. आकडे मृतांचे आहेत. जागणाऱ्यांचा आकडा तेव्हाही कोणी ठेवला नाही.

आता आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या साथीकडे येऊ. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो १८९७ चाच होता. मुंबईच्या प्लेगसाठी ४ फेब्रुवारी १८९७ रोजी केलेला, मोजक्या कलमांचा तो साथरोग कायदा. त्यात प्रवाशांची तपासणी आहे, आदेश न पाळणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्याला संरक्षण आहे. सेवा करणाऱ्या माणसाच्या विश्रांतीबद्दल एक अक्षर नाही. आरोग्य सेवकांवर हल्ले होऊ लागले तेव्हा २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून त्या कायद्यात हल्लेखोरांसाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करण्यात आली. हे योग्यच झाले. दगडापासून संरक्षण मिळाले. थकव्यापासून मात्र १८९७ मध्येही मिळाले नव्हते आणि २०२० मध्येही मिळाले नाही.

टाळेबंदीत मोऱ्याची लाँच बंद झाली. धक्का ओस पडला. कळंबोलीत राहणाऱ्या औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांना लागण झाल्याच्या बातमीने सारा पनवेल परिसर हादरला होता. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवण्यात आले. मुंबईत कामाला जाणारे अत्यावश्यक सेवेतील लोक एसटीने जाऊ लागले. आणि याच लोकांकडे शेजारी संशयाने पाहू लागले. मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने तर मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी तिथेच राहावे, रोज घरी येऊ नये असा आदेश काढला आणि टीका झाल्यावर मागे घेतला. २२ मार्चला ज्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या, त्यांनाच दीड महिन्यात घराची वाट बंद होऊ पाहत होती.

मोऱ्याजवळच्या वस्तीत आमच्या ओळखीच्या एक परिचारिका राहतात. सारी गल्ली त्यांना आपा म्हणते. मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांची नोकरी. त्या काळात सात दिवस ड्युटी, मग काही दिवस अलगीकरण, असा त्यांचा क्रम होता. संरक्षक पोशाख एकदा चढवला की सहा-सात तास पाणी नाही, लघवीला जाणे नाही. गॉगलवर वाफ धरायची. त्या वर्षी रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. काही रोजे त्यांनी त्या पोशाखात काढले, काही सोडावे लागले, त्याची कझा पुढे पूर्ण केली. मशिदी बंद, तरावीह घरोघरी. एरवी सेहरीला उठवणारा ढोल नव्हता, पण त्यांना उठवायची गरजच नव्हती. त्या जाग्याच असायच्या.

सप्टेंबर २०२० मध्ये घरोघरी आरोग्य सर्वेक्षण झाले तेव्हा आम्हा शिक्षकांनाही त्या कामावर नेमले होते. हातात तापमापक, ऑक्सिमीटर आणि तक्ता. आपांच्या दारात आम्ही उभे राहिलो. ताप नाही, ऑक्सिजन ९७, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. निघताना सहज विचारले, बाकी तब्येत कशी? त्या म्हणाल्या, "सर, झोप येते, पण झोप लागत नाही. घरी असले की मॉनिटरचा आवाज ऐकू येतो. उठून बघते तर काहीच नसतं." तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. आम्ही "काळजी घ्या आपा" म्हणालो, लक्षणांपुढे "निरंक" लिहिले आणि पुढच्या दारी गेलो. दिवसाला ठरलेली घरे पूर्ण करायची होती. इतिहासाने हाफकीन यांच्या सहाय्यकाला एक ओळ तरी दिली. आम्ही आपांना तीही दिली नाही. हा लेख लिहिण्यामागे ती बोच आहे.

आपा एकट्या नव्हत्या, हे पुढे वाचनातून कळले. साथीच्या अगदी सुरुवातीला चीनमधील ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ डॉक्टर व परिचारिकांची पाहणी झाली होती. त्यांपैकी ३४ टक्क्यांना निद्रानाशाची लक्षणे होती. २०२० मध्येच अशा तेरा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील ज्या अभ्यासांनी झोपेची विचारणा केली होती, त्यांत निद्रानाशाचे प्रमाण ३८.९ टक्के निघाले. दर दहा जणांत जवळपास चार. या साथीत जागणाऱ्यांची मोजदाद तरी झाली, एवढे श्रेय तिला द्यावे लागेल.

असे का होते, तेही समजून घेण्यासारखे आहे. आपल्या शरीरात एक घड्याळ असते, ते उजेड-अंधारावर चालते. रात्रपाळी आणि दिवसपाळी सारखी बदलत राहिली की ते घड्याळ बिघडते. शरीर दमलेले असते, पण मेंदू दिवस समजून बसतो. दुसरे कारण धास्तीचे. संकटात शरीर सावध राहण्याची द्रव्ये रक्तात सोडते. संकट रोजचेच झाले की ती सावधगिरी ड्युटी संपल्यावरही उतरत नाही. तिसरे कारण मनाचे. कोणता रुग्ण वाचला नाही, कोणाला खाट देता आली नाही, घरी आपल्यामुळे कोणाला लागण होईल का, हे सारे दिवसा दाबून ठेवलेले प्रश्न दिवा मालवला की वर येतात. म्हणून सुट्टी दिली की झोप येईल, हे गणित चुकते. बेख्वाबी ही आळशीपणाची किंवा कमकुवत इमानाची निशाणी नाही. ती कामाने दिलेली जखम आहे.

आपल्या समाजात इथे एक गैरसमज आड येतो. खिदमत म्हणजे स्वतःला विसरणे, असे आपण धरून चालतो. सेवा करणाऱ्याने थकवा बोलून दाखवला तर त्याचे सवाब कमी होईल असे त्यालाच वाटू लागते. वास्तविक आपल्या धर्माची शिकवण याच्या उलट आहे. कुरआनात सूरह अन-नबामध्ये झोपेचा उल्लेख अल्लाहने माणसाला दिलेल्या विश्रांतीच्या रूपाने येतो. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र हे रोज रोजा ठेवत आणि रात्रभर नमाजला उभे राहत. हे कळल्यावर पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना रोखले आणि समजावले की तुमच्या शरीराचा आणि डोळ्यांचाही तुमच्यावर हक्क आहे. सहीह बुखारीत ही हदीस आहे. जिथे इबादतीसाठीसुद्धा शरीर झिजवायला परवानगी नाही, तिथे नोकरीच्या वेळापत्रकाने ते झिजवावे आणि आपण त्याला सवाब म्हणावे, हे कोणत्या हिशेबाने?

मदिनेत जखमींची सेवा करणाऱ्या हजरत रुफैदा यांचे उदाहरण आपण परिचारिकांपुढे ठेवतो. ते ठेवावेच. पण त्यांच्या सेवेसाठी तंबू उभा होता, हेही सांगावे. सेवा करणाऱ्याला सेवेची जागा आणि साधने देणे हे समाजाचे काम आहे, आणि विश्रांती हेही त्यातलेच एक साधन आहे.

प्रश्न केवळ दयेचा नाही, हक्काचा आहे. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारणतः बारा तासांहून अधिक नसावी, असे केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत म्हटलेले आहे. इतकी वर्षे लोटली तरी डॉक्टरांच्या संघटनांना त्याच्याच अंमलबजावणीची मागणी करावी लागते. परिचारिका, सफाई कामगार आणि मानधनावर राबणाऱ्या आशाताई यांच्याविषयी तर बोलायलाच नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य सेवक कोविडने मरण पावले. जे वाचले त्यांची झोप परत येण्याचा हिशेब अजून चालूच आहे. पुढची साथ येईल तेव्हा खाटा, औषधे, ऑक्सिजन यांच्या यादीत ड्युटीचे नीट वेळापत्रक, बदली माणूस आणि चार तास निवांत पडायला जागा, या गोष्टी आधीच लिहिलेल्या असायला हव्यात.

जानेवारी २०२४ पासून उरणला रेल्वे आली. मोऱ्याची लाँच मात्र आजही भाऊच्या धक्क्याला जाते आणि आपा अजून लाँचनेच ड्युटीला जातात. झोप आता पुष्कळ सुधारली आहे, पण पहाटे तीनला अधूनमधून जाग येतेच, असे त्या सांगतात. हा लेख लिहिण्याआधी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि त्या दिवशीच्या तक्त्याबद्दल माफी मागितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "तक्त्यात नव्हतं ना सर, मग तुम्ही कुठे लिहिणार होता?" आम्ही म्हटले, निदान समासात तरी लिहायला हवे होते.

ते आज इथे लिहिले आहे.